पाठ असलेला बोर्ड

बाबा, आज मी हेवी लायसन्सच्या मेडिकलले गेली होती. तुमची पोरगी ट्रेलर चालवणार म्हटल्यावर आपल्या रुआबांधा वस्तीतले अर्धे लोक हसले. आई म्हणे, "बापाचं भूत बसलं हिच्या डोक्यात." बसू दे म्हटलं, माझाच बाप आहे.

दवाखान्याबाहेरच्या चहाटपरीवर अजूनही तेच चालते. आतून आलेला ड्रायव्हर डोळे तपासायच्या बोर्डावरची अक्षरं सांगते अन् बाकीचे चहा पीत पाठ करतात. एक म्हातारा ड्रायव्हर मले म्हणे, "बेटा, नीचे वाली लाइन रट ले, डॉक्टर वही पूछती है." माझ्या डाव्या डोळ्याले दूरचं धूसर दिसून राहिलं, हे मी कोणालेच सांगितलं नव्हतं. बाईले गाडी द्यायले मालक कसाबसा तयार झाला होता. नापास झाली तर तो दुसरा माणूस ठेवून मोकळा. म्हणून मीही ती ओळ पाठ केली.

मग तुमचा तो दिवस आठवला. मी शाळकरी, तुमच्यासंगं तुमच्या मेडिकलले आलेली. तुम्ही खुर्चीवर बसता, हातानं एक डोळा झाकता अन् डॉक्टरले म्हणता, "साहेब, हा बोर्ड आमाले सगळ्यायले पाठ आहे. खिडकीतून त्या उभ्या ट्रकचा नंबर विचारा." डॉक्टर खिडकीबाहेरच्या ट्रककडं बोट करतो. नंबर काही तुमाले वाचता येत नाही. मोतीबिंदू निघाला, सर्टिफिकेट अडलं. घरी आईनं भांडी आपटली, "कावून बोलले, काय गरज होती? सारे पास होऊन राहिले, तुम्हीच मोठे शहाणे!" तुम्ही म्हटलं, "मी लोखंडी पत्र्याची अवजड कॉइल घेऊन निघतो. समोर कोणाचं लेकरू आलं तर काय पाठ केलेली अक्षरं म्हणू?" ऑपरेशन होईपर्यंत घरी बसले, टोमणे खाल्ले, अन् मग त्याच खुर्चीवरून नंबर धडाधड वाचून आले. माझे बाबा खरे पास झाले म्हणून मी तेव्हाच्या आपल्या साऱ्या सेक्टर २ मध्ये सांगत फिरली होती. आजही सांगते, कोणी विचारो की न विचारो.

तर आज मीही म्हटलं, "मॅडम, हा पाठ आहे. दुसरा लावा." त्यांनी बोर्ड पलटवला. मागं हिंदी अक्षरं होती. डावा डोळा तिसऱ्याच ओळीत अडखळला. "चश्मा बनवाकर आओ, फिर देखेंगे," म्हणाल्या. बाहेर येऊन मालकाले फोन लावला, सारं खरंखरं सांगितलं. तो म्हणे, "बनवा लो. गाड़ी कहीं नहीं जा रही." मी टपरीवर सगळ्यायले चहा पाजला.

हे तुमाले पोचणार नाही, माहीत आहे. पण एक सांगते. मॅडमले सांगताना आज माझाही आवाज दणदणीत निघाला, पण आतून मी पार भेली होती. त्या दिवशी मी तुमच्या मागंच उभी होती बाबा, तुमचा दणदणीत आवाज तेवढा ऐकला. तुम्हीही भेले असान, हे मले आज समजलं.