बैल, विमान आणि सुतळी

बाबा, अंगणात बाजेवर एक विमान ठेवलं आहे आणि त्याच्याकडे बघताना मला तुम्ही तळेगावच्या बाजारातून आणलेला तो बांडा बैल आठवतो. विमान खेळण्यातलंच, पण पंख माझ्या कवेत जेमतेम मावतात. नागपूरच्या जावयानं कोणाचं तरी वापरलेलं घेऊन दिलं. म्हणाले, "मामाजी, जन्मभर आभाळाकडे पाहून राह्यले, आता उडवा." रिमोट मात्र नवा. जुन्या मालकानं स्वतःचा ठेवून घेतला, म्हणून विमान अजून त्याचंच ऐकतं. माझ्या रिमोटशी त्याची ओळख करून द्यावी लागेल, असं जावयानं समजावलं. तेव्हापासून मला जेवण गोड लागेना. नाहीच ऐकलं तर?

तो बैलही तसाच. आईनं त्याचे पाय धुतले, कुंकू लावलं, हातानं भाकर भरवली, तरी त्याचे कान जुन्या धन्याच्या हाकेकडे. माझी शाळा कायमची सुटलेली, म्हणून तुम्ही कासरा माझ्या हातात दिला. मी भीतीनं त्याला चिकटून ओढतो आहे आणि तो पाय रोवून उभा आहे. तुम्ही ओरडलात, "अबे, त्याच्या अंगावर काऊन पडून राह्यला? दूर सरक, मंग हाक दे. घाबरते ना तो." मला दूर सरकता आलं नाही. शेवटी तुम्ही कासरा काढून घेतला आणि हसून म्हणालात, "राहू दे. तुले जनावर नाई आयकत." तुम्ही विसरलात, मी नाही. पुढे सिंदीच्या जिनिंगात कापसाच्या गाठी उचलल्या, पण कधी कशाला हाक देऊन पाहिली नाही.

परवा सकाळी बसलो. आधी विमानाचा पंखा काढून ठेवला, न जाणो फिरला तर बोटं जायची. आतल्या रिसीव्हरला ओळख जुळवायची छोटी पिन खोचली, बॅटरी जोडली, दिवा लुकलुकायला लागला. रिमोट अगदी विमानाला टेकवला आणि बटण दाबून धरलं. दिवा लुकलुकतोच आहे. पुन्हा केलं. तेच. ओट्यावर भाजी निवडत तुमची सून म्हणाली, "एवढा घाम काऊन फोडून राह्यले? इमानच हाये ना, सोयरीक थोडी जुळवून राह्यले!"

मी हसलो नाही. मग एकदम तुमचं ते 'दूर सरक' कानात आलं. उठलो, तुळशीपाशी जाऊन उभा राहिलो आणि तिथून बटण दाबलं.

दिवा स्थिर झाला. पिन काढली, बॅटरी सोडून परत जोडली, रिमोटची काडी उजवीकडे केली. बैलानं कान हलवावा तशी शेपटी उजवीकडे वळली. डावीकडे केली, डावीकडे.

"चला," ही म्हणाली, "माह्याशिवाय कोणी तरी आयकते तुमचं."

बाबा, मला तेव्हा तुम्हाला हाक मारावीशी वाटली. कुठे मारणार? हा कागदही विमानाच्या खोक्यातच ठेवतो.

कापसाची पऱ्हाटी उपटून झाली आहे, वावर मोकळं आहे, वाराही नाही. काल जावयानं फोनवर विचारलं, उडवलं का? मी हो म्हटलं. खरं तुम्हालाच सांगतो. तुम्ही नव्या बैलाला पहिले काही दिवस दावं बांधून फिरवायचात ना, तशी मी विमानाच्या शेपटीला सुतळी बांधली आहे. ती अजून सोडवली नाही.