राणी झोपली आहे

२९ सप्टेंबर १९९६

मुंग्यांच्या अळ्या चांगल्याच फुगल्यात! शाळेच्या बागेतले रातकिडे मानवले म्हणायचे. तिथे औषध मारत नाहीत, म्हणून तिथलेच आणते. दोन दिवस डब्यात ठेवून बघते, मग उकळत्या पाण्यात टाकते, तुकडे करते आणि मग पेटीत. टाकताना दर वेळी मान फिरवते. जीवशास्त्राची मास्तरीण!

मामंजी दुपारभर काचेच्या पेटीपुढे बसून होते. सासूबाई गेल्यापासून हा माणूस माडीवरून उतरत नव्हता. वर्गात दाखवायला पाळलेल्या मुंग्या मी सुट्टीत घरी काय आणल्या, आणि हे रोज जेवायला खाली काय यायला लागले! "राणीसाहेब कशा आहेत?" — पहिला प्रश्न हाच. त्या काय खातात ते मात्र विचारत नाहीत. मीही सांगत नाही.

३ ऑक्टोबर

रातकिडा मिळाला. चांगलाच दांडगा आहे.

६ ऑक्टोबर

अविधवा नवमी. सासूबाईंचं श्राद्ध. मामंजींची बहीण, शरदिनीआत्या, पहाटेपासून सोवळ्यात. मी स्वयंपाकघराच्या दारातून नुसतं पातेलं मागितलं, तर ओरडल्या, "चौक्यात किडे उकळशील? तेही आज? पागल झालीस काय!"

मागच्या पडवीतल्या स्टोव्हमध्ये रॉकेल नव्हतं, असं लिहिणार होते. होतं. इथे तरी खोटं कशाला? खरं हे, की आजच्या दिवशी माझ्या हातून जीव जायला नको, असं वाटलं. म्हणून रातकिडा पेटीत जिवंतच सोडला. मी नाही मारला, मुंग्या मारतील! पाप त्यांच्या माथी. केवढी हुशारी!

ब्राह्मण जेवायला बसले, मी वाढण्यात. परत येऊन बघते तर त्याने उड्या मारमारून पेटीतल्या वारुळाचं प्लास्टर उकरलेलं, थेट राणीच्या खोलीत घुसलेला. राणी उताणी. वर्गातल्या मुलींना दर वर्षी सांगते — लहान वसाहतीत मोठा जिवंत किडा सोडायचा नाही. दर वर्षी!

संध्याकाळी मामंजींनी विचारलं. "झोपल्यात," म्हणाले मी. तोंडातून निघूनच गेलं. मग तिच्या खोलीवर लाल कागद चिकटवला. राणीला अंधार लागतो, असं त्यांना सांगितलं.

८ ऑक्टोबर

कागद उचलून बघितलं. कामकरी मुंग्या अजून तिला चाटतायत, साफ करतायत. बघवत नाही. आता नवं अंडं नाही. या आहेत तोवर आहेत, मग पेटी रिकामी.

मामंजी विचारतात, मी सांगते — झोपल्यात. यज्ञेश म्हणाला, "सांगून टाक ना यार, मुंगीच तर आहे." नवऱ्याला काय जातं बोलायला! मुंगी नाही ती. ती गेली हे कळलं की मामंजी परत माडीवर जाऊन बसतील. सासूबाई गेल्या तेव्हा डॉक्टरच म्हणाले होते, यांना एकदम सांगू नका. तो चेहरा मला पुन्हा बघायचा नाही. चूक माझी आणि शिक्षा त्यांना.

१० ऑक्टोबर

आज सांगायचंच, असं ठरवलं होतं. ते चहा घेऊन पेटीपाशी बसले, माझ्याकडे बघून हसले. नाही सांगितलं. लाज वाटते.

१२ ऑक्टोबर

सर्वपित्री. पानावर गाईचा, कुत्र्याचा, कावळ्याचा घास काढून झाला. मुंग्यांचा घास मामंजींनी स्वतः उचलून आणला. लाल कागद सोलून काढला. घास पेटीत ठेवला. मी तोंड उघडलं, तर म्हणाले, "राहू दे, सूनबाई. तुझी सासू गेली तेव्हाही दवाखान्याच्या दारात तू हेच म्हणालीस — झोपल्यात. संध्याकाळपर्यंत मी बाहेर बाकावर बसून राहिलो. तेव्हाही मला माहीत होतं."

मग पेटीत वाकून बघत म्हणाले, "अळ्या आहेत अजून. पाणी कुठे उकळतेस, दाखव."