माझ्यावरचा सेन्शुअर

५ ऑक्टोबर
नाट्यमंडळाच्या ग्रुपवर नोटीस. रविवारी मीटिंग. विषय: गेल्या जत्रेच्या नाटकातल्या प्रकाराबद्दल 'सेन्शुअर'चा ठराव.
प्रकार म्हणजे मी. शेवटच्या अंकात महाराज म्हणून मेलो होतो, तेवढ्यात माइकवर एका प्रेक्षकाने माझ्या नावाने दिलेलं बक्षीस पुकारलं. उठलो, बक्षीस घेतलं, नमस्कार केला, परत मेलो. देणाऱ्याचा अपमान करायचा होता काय?

६ ऑक्टोबर
डिक्शनरी बघितली. सेन्शुअर: अधिकारी मंडळाने औपचारिकपणे नोंदवलेली तीव्र नापसंती. वापर: मंत्री, खासदार, न्यायाधीश यांच्याबाबत. वा! साध्या माणसाला झापतात, सेन्शुअर मोठ्यालाच करतात. अख्ख्या मये गावात आजवर कोणाला झालेला नाही.
अश्विनीला सांगितलं. बायको असून अभिनंदन नाही. म्हणाली, पुरो आतां, पाव आणा आधी.

७ ऑक्टोबर
उद्यापासून व्यायाम. महाराजांच्या अंगरख्याची बटणं लागत नाहीत. कापड आटलंय.

८ ऑक्टोबर
पडसं. व्यायाम रद्द.
दिग्दर्शक प्रशांत आला. शाळेपासूनचा दोस्त. दरवर्षी कमिटीशी भांडून मलाच महाराज करतो. म्हणाला, रे बाबा, मीटिंगमध्ये फक्त चुकलो म्हण, ठराव मागे घेतील. बरं म्हटलं. पण म्हणणार नाही. मला सेन्शुअर होतोय हे त्याला बघवत नाही. जळतो बिचारा.

१० ऑक्टोबर, सकाळ
भाषण तयार. पाठ होईलच. शेवटी म्हणणार, ठराव एकमताने मंजूर करा! माझा मोठेपणा बघून सगळे भारावणार आणि महाराज यंदाही मीच. भालदाराचं काम करणारा बाबली त्या भूमिकेवर डोळा ठेवून आहे. ठेवू दे.

११ ऑक्टोबर, रविवार
भाषण झकास. मधलं विसरलो, कोणाला कळलं नाही. ठराव वाचायच्या आधीच ओरडलो, एकमताने मंजूर करा! सगळ्यांचे हात वर. पहिला माझा.
मग सेक्रेटरीने ठराव वाचला. सेन्शुअर प्रशांतवर. असल्या नटाला दरवर्षी महाराज केल्याबद्दल. माझं नाव कुठेच नाही. नुसतं 'असल्या नटाला'.
प्रशांतने माझ्याकडे बघितलं. राजीनामा देतो म्हणाला, चपला घातल्या आणि गेला. लगेच बाबलीला महाराज केलं.
मी विचारलं, आणि मला काय? सेक्रेटरी म्हणाला, तुझ्यासाठी भांडणारा आत्ताच गेला.
लाज वाटली. बाहेर येऊन प्रशांतला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. कट केला.
रेंज नसेल.