हिच्या गाडीचा मेंदू

८ नोव्हेंबर, रविवार
आज इतिहास घडला. भंगारवाल्याकडून अपघातातल्या हायब्रिड गाडीच्या मोटारी आणल्या. एकाच डब्यात दोन! मला मोठी एकच पुरे. गाडीचं तोंड चेपलेलं, पण मोटारींना ओरखडा नाही. त्या चालवणारा कंट्रोलर मात्र त्याने आधीच विकून टाकला होता. म्हणजे अंग मिळालं, मेंदू नाही. मेंदू मी घरी बनवणार, असं सांगितल्यावर भंगारवाल्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. आदर असावा.

हे सगळं हिच्या गाडीत बसवायचं. पेट्रोलला कायमचा रामराम. ही म्हणाली, आत्ताची गाडी उत्तम चालते आहे. दूरदृष्टी प्रत्येकाला नसते.

९ नोव्हेंबर
परवानगी मिळाली. अट एकच. एक डिसेंबरला ही बँकेच्या नव्या शाखेत मॅनेजर म्हणून रुजू होणार. बारा वर्षं वाट पाहिलेली बढती. शाखा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलाव्या लागतात. त्या दिवशी सकाळी गाडी दारात उभी आणि चालणारी हवी. उभी आणि चालणारी एकाच वेळी कशी, असं विचारणार होतो. चेहरा पाहून नाही विचारलं.

१४ नोव्हेंबर, शनिवार
इंजिन आणि गिअरबॉक्स बाहेर! मेहुणा मदतीला होता. एक तारखेपर्यंत तरी हे सगळं जपून ठेव, म्हणाला. मी ते त्यालाच त्याच्या टेम्पोसाठी देऊन टाकलं. परतीचे दोर कापल्याशिवाय माणूस झटून लढत नाही.

नव्या गाडीत गिअरच नसणार. रिव्हर्ससुद्धा नाही. मोटारच उलटी फिरवायची की झालं. केवढी कटकट वाचली!

१७ नोव्हेंबर
जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंग. आई ताट मांडीवर घेऊन जेवली.

धूर आला. थोडाच. धूर येतोय म्हणजे करंट पोचतोय.

१८ नोव्हेंबर
आजही पोचला.

२१ नोव्हेंबर, शनिवार
फिरली!!! मोटार फिरली! मागच्या व्हरांड्यात, लाकडी ओंडक्यांना बांधून. मी नाचलो. आईला ओढत आणलं. आई म्हणाली, आवाज तर काहीच नाही, बंद आहे का? हेच तर! हेच तर यश आहे! सगळ्यांना मी स्वतः चहा केला. ऑफिसात सोमवारी राजीनामा द्यावा का, यावर विचार केला. इतक्यात नको.

हिने विचारलं, कोणत्या बाजूला फिरते आहे? गोल, म्हटलं. बँकेतल्या लोकांना कशाचं काय पडलेलं असतं.

२८ नोव्हेंबर, शनिवार
मोटार गाडीत बसवली. पहिली चाचणी ऐतिहासिक. अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि गाडी लोण्यासारखी निघाली. मागे. शेजाऱ्यांच्या तीन कुंड्या गेल्या. शेजारी म्हणाले ते इथे लिहीत नाही.

कारण किरकोळ. मोटारीच्या तीन जाड तारांपैकी दोन उलटसुलट लागल्यात. उपाय दोन. एक तर त्या तारांची अदलाबदल, नाहीतर प्रोग्रॅममध्ये एक वजा चिन्ह. बाकीचं कंट्रोलर आपापलं जुळवून घेतो. तो हुशार आहे, कारण मी बनवलाय.

२९ नोव्हेंबर, रविवार
सकाळी तारा बदलल्या. दुपारी वाटलं, हिच्या पहिल्या दिवसाचा प्रश्न आहे, धोका कशाला? म्हणून प्रोग्रॅममध्ये वजाही टाकला. आता चूक व्हायला जागाच नाही.

गाडी जॅकवर घेऊन चाकं फिरवली. झकास. कुठल्या बाजूला ते बघितलं नाही, मी मीटरवर नजर ठेवून होतो. आकडे अप्रतिम.

३० नोव्हेंबर
गाडी धुतली, पुसली. ही आरशासमोर उभं राहून उद्याचं छोटं भाषण म्हणत होती. अभिमान वाटला. तिचा आणि माझा.

१ डिसेंबर, मंगळवार
सकाळी ही इस्त्रीचे कपडे घालून गाडीत बसली. गाडी निघाली. लोण्यासारखी. मागे.

मी खिडकीशी धावत सांगत होतो की शक्यच नाही, मी दोन्ही उपाय केलेत! हिने ब्रेक लावला. दोन्ही? असं विचारलं. दोन्ही, म्हटलं. मग ती हळूच म्हणाली, दोनदा उलटं केल्यावर होतं तिथेच येणार ना रे. आणि घड्याळ बघून हसायलाच लागली. काजळ पसरेपर्यंत. मग म्हणाली, बाजूला हो, मागे कोण येतंय ते बघ.

आणि तशीच, मान वळवून, सबंध गल्ली उलटी गेली आणि थेट बस थांब्यावर उतरली. बस मिळाली. म्हणजे गाडीने तिला पोचवलं. थांब्यापर्यंत का होईना.

गाडी मात्र तिथून घरी येईना. मोटार उलटी फिरवायचं बटण अजून बसवायचं राहिलंय. घर पुढे, आणि ती पुढे यायचं नावच घेत नाही. शेवटी मी आणि थांब्यावरच्या दोन प्रवाशांनी ढकलत आणली. स्टिअरिंगवर आई. आयुष्यात पहिल्यांदा. भलतीच खूश होती.

संध्याकाळी ही आली. वेळेत पोचली होती, भाषणही छान झालं. मी सांगितलं, वजा काढलाय, उद्या शंभर टक्के. तिने मान डोलावली, माझ्या केसांवरून हात फिरवला आणि पर्स उघडून बसचा पास दाखवला.

वर्षाचा.

महिन्याचा पुरला असता, म्हटलं. वर्षाचा बरा पडतो, म्हणाली. अगदी प्रेमाने. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पासवरच्या फोटोत ही इतकी निश्चिंत दिसते, तशी माझ्या गाडीत कधी दिसली नव्हती.