पावणेबाराची देखभाल

१३ नोव्हेंबर, गुरुवार

११.१३ ला आली. कॅलेंडरमध्ये मी टाकलं — ११.००, उपस्थित.

जूनपासून हेच चालू आहे. एक कॉम्प्युटर लॅब, तीन शाळा, वीस मशीन, त्यातली सतरा चालू. शिक्षकांनी मोबाईलवरून तास बुक करायचा. वर्ग दहा मिनिटांत आला नाही तर मी 'गैरहजर' दाबायचं. ओळीने तीन गैरहजर पडले की ती शाळा सत्र संपेपर्यंत आपोआप लॉक. मोकळा झालेला तास रांगेतल्या पुढच्या शाळेला. कुणाच्या बापाचं चालत नाही. माझं चालतं — बटण दाबायला मीच बसलोय ना!

करिष्मा मॅडमची झेडपीची पाचवी महाळुंग्याकडून चालत येते. अठ्ठावीस पोरं, एक लांब नायलॉनची दोरी, सगळ्यांनी धरलेली. चौकात अडकतो, म्हणाली एकदा. असेल.

तिचा तास पावणेबाराला संपतो. पुढचा पाऊण तास मी राखाडी करून ठेवलाय — 'देखभाल'. देखभाल कसली, डोंबल! पोरं चपला घालेपर्यंत ती पाच मिनिटं थांबते, एवढंच. आज म्हणाली, "नवनाथसर, तुम्ही आहात म्हणून आमचं भागतं बघा."

या एका वाक्यावर माझा आठवडा निघतो.

१८ नोव्हेंबर

इंदुताई लॅब झाडताना म्हणाल्या, "आरं, त्या दोरीवाल्या मॅडमचं जमलं की! माणचा हाय पोरगा, आयटीत. तुला न्हाई सांगितलं व्हय?"

नाही सांगितलं.

१९ नोव्हेंबर

का सांगावं? मी कोण? आकुर्डीला डिप्लोमा, दुसरं वर्ष. मशीन देत नव्हते म्हणून लॅबच्या सरांची कॉलर धरली आणि बाहेर पडलो. आता मीच मशीन देतो लोकांना! पप्पा कंपनीच्या प्रेस शॉपवरून आले की डबा ठेवायच्या आधी विचारतात, "डिप्लोमाचा फॉर्म परत कधी भरतोस?" भरतो म्हणतो. कशाला भरू?

दिवाळीला तिला मेसेज केला होता. तीनदा खोडून चौथ्यांदा पाठवला. उत्तरात नुसते जोडलेले हात. त्या हातांवर मी काय काय बांधून बसलो — येडा!

२० नोव्हेंबर, गुरुवार

११.१२. गैरहजर.

खोटं काय त्यात? नियम दहा मिनिटांचा आहे. पोरांना बसू दिलं, तिला कळलंही नाही. जाताना हसून म्हणाली, "सर, आज गप्प गप्प?" मी कीबोर्ड पुसत राहिलो. लग्नाचं एक अक्षर नाही!

२७ नोव्हेंबर, गुरुवार

११.१४. गैरहजर. दोन झाले.

४ डिसेंबर, गुरुवार

११.११. फक्त एक मिनिट! फाटकात पोरांचे पाय वाजत होते. ऐकू येत होते. तेव्हाच दाबलं.

सगळी पट्टी लाल. ती मोबाईलकडे बघतच राहिली. मी म्हटलं, "मॅडम, सिस्टीमनेच लॉक केलंय. माझ्या हातात काही नाही." पोरं दारात तशीच, दोरी धरून. एक पोरगी म्हणाली, "सर, सात नंबरवर माझं घर अर्धंच रंगवलंय. ते ऱ्हाईल का?"

करिष्मा मॅडमनी सगळ्यांना मागे वळवलं. दोरीचं शेवटचं टोक पुढे झालं, आणि गेले.

नियम म्हणजे नियम. डबा तसाच परत आणला.

५ डिसेंबर

एकटीच आली. मला वाटलं भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं, माझ्याकडे सगळी उत्तरं तयार होती.

"जूनपासूनच्या नोंदी पाहिल्या मी. हे तीन गुरुवार सोडले तर दर वेळी अकराला हजर. नवनाथसर, आम्ही अकराला एकदाही पोचलो नाही."

"मी सांभाळून घेत होतो तुम्हाला."

"मग आता काय झालं?"

मी माऊसची वायर गुंडाळायला लागलो.

मग तिने त्या राखाडी पट्टीवर बोट ठेवलं. "मी जूनमध्ये हाच पावणेबाराचा तास मागितला होता. तुम्ही म्हणालात, तेव्हा देखभाल असते, काळजी करू नका, मी बघतो. काय देखभाल असते?"

"मशीन तापतात."

तिने शेजारच्या मशीनवर हात ठेवला. मग पुढच्या. मग त्याच्या पुढच्या.

"थंडगार आहेत," म्हणाली आणि निघून गेली.

पावणेबाराचा तास दिला असता तर पोरांना उशीर झालाच नसता. एका क्लिकचं काम होतं. पण मग साडेबाराला पुढचा वर्ग येऊन धडकला असता. ती थांबली नसती. आणि मी आहे म्हणून भागतं, असंही म्हणाली नसती.

८ डिसेंबर, सोमवार

डोकं फिरलं. 'देखभाल' खोडून टाकली. म्हटलं, घ्या तुमचा पावणेबारा!

एका मिनिटात पट्टी हिरवी. इंग्लिश मीडियम, सातवी ब. झेडपी लॉक आहे, रांगेत नाहीच! लॉक फक्त इथल्या मुख्याध्यापकांकडून उघडतं. हे मला माहीत होतं. माहीत असून खोडली!

उरलंसुरलं तेही घालवलं मी.

१० डिसेंबर

भीमराज सरांच्या केबिनमध्ये अर्धा तास उभा होतो. मुख्याध्यापक माणूस, ओरडतील वाटलं. सगळं ऐकलं, चष्मा काढला. "सहा महिने खोटं टाकलंस, मग तीन आठवडे खरं. यातलं जास्त वाईट कुठलं रे?"

तिचं लग्न मी मध्ये आणलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. लॉक उघडलं, सातवी ब अकराला सरकवली, पावणेबारा झेडपीला दिला. मग म्हणाले, "चावी इंदुताईंकडे दे. उद्यापासून येऊ नकोस."

११ डिसेंबर, गुरुवार

तरी गेलो — लॅबवर नाही, चौकात. लॅबपासून चार मिनिटं. सहा महिन्यांत एकदाही गेलो नव्हतो. पोरं कडेला उभी, दोरी ताणलेली, समोर कंटेनरमागे कंटेनर, चालूच. मी मध्ये जाऊन दोन्ही हात पसरले. ड्रायव्हरने आईवरून शिवी घातली. हात खाली घेतले नाहीत. करिष्मा मॅडम समोरून गेल्या, माझ्याकडे न बघता. शेवटचं टोक त्या घर रंगवणारीच्या हातात.

"सर, तुमी हितं? लॅब बंद हाय व्हय?"

"उघडी आहे. पळ!"