थोरलीसाठी वीस टन

४ तारीख, मंगळवार

गेलं बेअरिंग! लावून आठवडा नाही झाला. नवरोबा कामावरून थोरली घेऊन आला तेव्हा आवाज वळणावरूनच ऐकू येत होता – घुंऽऽ घुंऽऽ. आता शेडमध्ये रुसून बसली आहे.

थोरली म्हणजे आमची व्हॅन. माझ्या आधी या घरात आली म्हणून थोरली. मी धाकटी! बाबांनी – सासऱ्यांनी – वीस वर्षं तिच्यातून शाळेची मुलं पोचवली. गेल्या वर्षी एकाएकी थांबले. म्हणाले, गाडीचा भरवसा नाही, दुसऱ्यांची लेकरं बसतात. तेव्हापासून ती अशीच, चार दिवस रस्त्यावर आणि आठ दिवस शेडमध्ये.

नवरोबाने आज जाहीर केलं. महिनाअखेरीला आरटीओची तपासणी आहे. पास झाली तर ठीक, नाहीतर भंगारवाल्याला बोलावणार, त्याच्याशी बोलणं झालंय. बाबा ताटावरून लवकर उठले.

माझंही ताट अर्धंच राहिलं. कारण – इथे लिहायला काय हरकत आहे – ती व्हॅन मला चालवायची आहे. शाळेची मुलं घेऊन. कारखान्यात औषधांच्या बाटल्यांना लेबलं चिकटवून चिकटवून माझी बोटंच आता चिकट झालीत. लायसन्स आहे, भावाची गाडी मी मस्त चालवते. पण बाबांकडे मागू कशी? ती दुरुस्त झाली की ते स्वतः परत सुरू करणार, हे उघडच आहे. म्हाताऱ्या माणसाच्या हातातून स्टिअरिंग ओढून घेणारी सून! नको गं बाई.

६ तारीख, गुरुवार

संध्याकाळी बाबांनी चाक खोललं. मी शेजारी बसले, पाने द्यायला. गेलेलं बेअरिंग कानाशी धरून फिरवलं आणि त्याच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाले, ठोकलंय. नाक्यावरच्या मेकॅनिकने नवंकोरं बेअरिंग हातोड्याने ठोकून बसवलं होतं! आतल्या गोळ्यांवर खळगे पडले, मग ते टिकणार कसं? ते दाबून बसवायचं असतं. सरळ, सावकाश, प्रेसवर – म्हणजे दाब देणाऱ्या यंत्रावर.

प्रेस असलेला कारखाना गावाबाहेर, आणि तिथे गाडी दिली की ती कधी परत मिळेल ते तिथल्या शेठलाच ठाऊक. शिवाय फक्त एक बेअरिंग नाही. पुढची दोन्ही आणि सस्पेन्शनचे सगळे रबरी बुश.

बाबा म्हणाले, प्रेस विकत घेऊ. घरी.

नवरोबा इतका हसला की त्याला ठसका लागला. पाणी मीच दिलं, पण जरा उशिराच दिलं.

९ तारीख, रविवार

घरात दुसरा विषय नाही. किती टनांचा दाब देणारा प्रेस घ्यायचा?

माझं मत – सहा टनांचा, टेबलावर मावणारा. सुटसुटीत, कोपऱ्यात बसेल. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, थोरलीची बेअरिंगं किती वर्षं गंजतायत? तेव्हा कळलं. बसवायला जोर कमी लागतो, गंजलेलं काढायला दुप्पट लागतो. सहा टनवाला घाम गाळत बसेल आणि वाकेल. बारा टनांत भागतं, पण सारखा शेवटच्या टोकापर्यंत ताणावा लागतो. वीस घेतला तर अर्ध्या ताकदीत काम होतं. पटलं.

नवरोबाला पन्नास टन हवा. घ्यायचा तर दणदणीत घ्या म्हणे! काल भंगारवाला, आज पन्नास टन. पटलं तर पार त्या टोकाला जायचं, हा ह्याचा स्वभावच. जमिनीला भार सोसेल का, असं बाबांनी विचारल्यावर मुकाट वीसवर आला.

१२ तारीख, बुधवार

अर्धी रजा टाकून बाबांबरोबर अवजारांच्या दुकानात. काय ती गंमत!

दुकानदार मिठ्ठास. आधी मोटरवाला दाखवला, मग कॉम्प्रेसरवाला. बाबा म्हणाले, हाताने दांडा मारायचाच बरा, किती जोर लागतोय ते तळहाताला कळतं. मग एकेक चौकट तपासणं सुरू. डोळे मिटून वेल्डिंगवरून बोटं फिरवायचे, नाडी बघितल्यासारखी. पहिला नापास. दुसऱ्याच्या खांबांमधलं अंतर कमी, थोरलीचा चाकाचा सांधा त्यात मावलाच नसता. तिसऱ्याचा खालचा पाट कमीजास्त उंचीवर लावायच्या पिना करंगळीएवढ्या, तोही बाद. दुकानदार घाम पुसायला लागला.

आणि प्रत्येकाचा दांडा मारून बघायला मी! पदर खोचून खाली-वर, खाली-वर. चार गिऱ्हाईकं बघत उभी. बाबा मागून, खांद्याला ताण येतोय का, पाऊल नीट टेकतंय का? म्हटलं, मला व्यायामाला आणलंय की काय.

शेवटी वीस टनांचा ठरला. बोल्टांनी जोडायचा, जॅक बिघडला तर तेवढाच बदलता येतो, दाबण्याच्या पट्ट्या पोलादी. बिडाच्या असल्या तर तडकून उडतात म्हणे. बाबांनी वर मोठ्यातला मोठा दाबाचा काटा बसवायला लावला. मी म्हटलं, एवढा कशाला, भिंतीवरचं घड्याळ आहे का? म्हणाले, वाचायचं तुला आहे.

कामाला जुंपायची हौस दांडगी!

१५ तारीख, शनिवार

प्रेस आला. शेडची उंची मी स्वतः मापली होती. पत्र्यापर्यंत. पत्र्याखाली लोखंडी आडवा अँगल आहे हे कुणी बघायचं? तिघांनी मिळून जोडला, उभा केला आणि – टण्! नवरोबाने माझ्याकडे बघितलं. मी अँगलकडे बघितलं. मग सगळं सुटं करून दाराजवळ नेऊन पुन्हा जोडलं. आता शेडचं दार अर्धंच उघडतं.

१६ तारीख, रविवार

निघालं!! दुसऱ्या बाजूचं जुनं बेअरिंग काढताना काटा चढत चढत गेला, मी मोठ्याने वाचत होते, आठ, नऊ, दहा – बाबा म्हणाले, बाजूला हो, समोर उभं राहायचं नाही – आणि धाड! बंदुकीसारखा आवाज. सासूबाई पोळपाटावरचं टाकून धावत आल्या. बेअरिंग खालच्या डब्यात शांतपणे पडलेलं. मला इतका आनंद झाला की मी सासूबाईंना मिठी मारली, ग्रीसच्या हातांनी. साडीचं काय ते नंतर ऐकून घेतलं.

१८ तारीख, मंगळवार

माती केली. मीच.

नवं बेअरिंग कालच चाकाच्या सांध्यातल्या खोबणीत बसवलं होतं, छान, बाहेरच्या कड्यावर दाब देऊन. आज हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो तुकडा, त्याच्या आत घालायचा होता. बाबा आंघोळीला गेलेले. मला वाटलं, येईपर्यंत करून ठेवते, खूश होतील. वरून हब ठेवला आणि मारला दांडा. खालून बेअरिंगच्या आतल्या कड्याला टेकू द्यायचा असतो, तो दिलाच नाही! सगळा जोर गोळ्यांवर. कट् असा बारीक आवाज आला. हाताने फिरवून बघितलं तर खरखर. म्हणजे मेकॅनिकने हातोड्याने जे केलं तेच मी वीस टनांनी केलं.

बाबा आले, बोट लावून फिरवलं. म्हटलं आता उद्धार होणार. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "आता हे तू जन्मात विसरणार नाहीस. नवं मागव."

मी शेडमागे जाऊन रडले. नवं यायला वेळ लागणार आणि तपासणी दारात उभी आहे. नवरोबाला सांगायचं धाडस नाही.

१९ तारीख, बुधवार

सांगितलं. त्याने चक्क बेअरिंगवाल्याला स्वतः फोन लावला. माणूस कळत नाही कधीकधी.

२३ तारीख, रविवार

बसलं. दोन्ही बाजूंचं. सगळं मी केलं, बाबा फक्त स्टुलावर बसून विचारत होते – टेकू? दिला. सरळ आहे? आहे. काटा? चार. फिरव. फिरवलं, आवाज नाही, लोण्यासारखं. (खरं तर बाबांनी एकदाही उठून बघितलं नाही. एवढा विश्वास! छाती दोन इंच फुगली.)

बुशही झाले. एकाला साबणाचं पाणी लावलं तर सुळ्ळकन आत गेला.

नवरोबाने थोरलीला फेरी मारून आणली आणि खाली उतरून बॉनेटवर थाप मारली. भंगारवाल्याचं नावही काढलं नाही.

२६ तारीख, बुधवार

बाबा सकाळपासून थोरलीच्या आत. सीट पुसली, आरसे पुसले, स्टिअरिंगवर हात ठेवून कितीतरी वेळ बसून राहिले. मी चहा घेऊन गेले होते. ठरवून गेले होते – आज विचारायचंच, बाबा, मी चालवू का? आठवड्यातून दोन दिवस तरी?

नाही विचारलं. त्यांचा चेहरा बघितला, चहा ठेवला आणि परत फिरले. त्यांची गाडी आहे, त्यांनीच चालवावी. मी लेबलं चिकटवीन. दुरुस्तीला तर मीच आहे ना! तेवढं पुरे. पुरे म्हणजे काय, पुरत नाहीच, पण जाऊ दे.

२९ तारीख, शनिवार

थोरली पास झाली.

सकाळी निघताना बाबा शेजारच्या सीटवर जाऊन बसले. म्हटलं, बाबा, इकडे बसा ना. म्हणाले, "मला समोरचा रस्ता नीट दिसत नाही गं. वर्ष होऊन गेलं. थोरलीचं नुसतं निमित्त केलं, मुलं बसवायची माझीच हिंमत होईना. सोमवारपासून मुलं तू आणशील, असं शाळेत सांगून आलोय. चालव."