चहाचं एक्केचाळिसावं पाकीट

ओसाका, जून १९९६

प्रिय तामोत्सु,

यंदाच्या पहिल्या खुडीचा चहा पोचला. हे एक्केचाळिसावं पाकीट. पोचल्याचं कार्ड दरवर्षी माझी बायको फुमी लिहायची, खाली मी नुसतं नाव टाकायचो. पाकीट उघडताना ती म्हणायची, "इतका जीव लावणारा मानलेला धाकटा भाऊ सगळ्यांना मिळो. अहो, एकदा तरी जाऊन या त्याच्या मळ्यावर." मी म्हणायचो, "बघू, पुढच्या वर्षी." ती जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या साली मी तिचंच जुनं कार्ड समोर ठेवून उतरवून काढलं, कारण तुला लिहायचं म्हटलं की माझी बोटं आखडतात.

कारखान्याचं आपलं फुटबॉलचं मैदान विकलं गेलं, तुला कळलंच असेल. सकाळी लेथवर उभं राहायचं आणि तीनचा भोंगा झाला की त्या मैदानावर पसरलेल्या भट्टीच्या जळक्या खडीवर पळायचं. पडलो की गुडघ्यातून काळे खडे वेचावे लागत. तू संघात आलास तेव्हा तुझे बूट दोन नंबर मोठे होते, पुढे वर्तमानपत्र कोंबलेलं. "ए, तू बूट घातलेस की बुटांनी तुला?" असं मीच तुला सगळ्यांसमोर चिडवलं होतं. तू हसलास, आणि महिन्याभरात मैदानाच्या डाव्या बगलेवरून असे पास द्यायला लागलास की माझी बोलतीच बंद. "दादा, तुम्ही फक्त धावा. चेंडू तुमच्या कपाळावर आणून ठेवतो," म्हणायचास. ठेवायचासही.

आता जे सांगतो ते फुमीलासुद्धा सांगितलं नव्हतं. पंचावन्नच्या वसंतात भिजलेल्या चेंडूच्या शिवणीवरच्या चामडी वादीनं माझी भुवई फाटली होती, आठवतं? चार टाके निघाले, भीती निघाली नाही. चेंडू डोक्यावर येताना माझे डोळे आपोआप मिटायला लागले. फॉरवर्डने चेंडूला भ्यायचं म्हणजे सुताराने करवतीला भ्यायचं. कुणाला सांगणार?

त्या शरदातली फायनल. आपण एका गोलने मागे, शेवटचं मिनिट, आणि तुझा पास आला. कपाळावर, अगदी म्हणत होतास तसा. मी डोळे मिटले, मान खाली ओढली आणि चेंडू वरून निघून गेला. डोळे उघडले तर सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं. तेव्हा मी काय केलं? तुझ्याकडे वळून हात उंच करून दाखवला, "केवढा वर दिलास!" म्हणून. तेवढं पुरलं. कारखान्याच्या वार्तापत्रात तेच छापून आलं.

त्या संध्याकाळी कपडे बदलताना तू हळूच विचारलंस, "दादा, डोळ्याला काही लागलं तर नाही ना?" म्हणजे तू पाहिलं होतंस. मी उत्तर न देता बुटाची नाडी सोडत बसलो. सोमवारी सकाळच्या सभेत तू माफी मागायची म्हणून डोकं भादरून आलास, चारशे कामगारांपुढे कमरेत वाकलास आणि म्हणालास, "पास माझा उंच गेला. किहाचीदादांची काहीही चूक नाही." थोरल्याला खोटं पाडायचं नाही, हे तुला मीच शिकवलं होतं. त्या क्षणी एक पाऊल पुढे टाकायला हवं होतं. मी नुसती मान डोलावली, माफ केल्यासारखी! जेवणघरात पोरं तुला "काय रे गोट्या, पतंग उडवत होतास का?" म्हणून छळायची आणि मी खाली मान घालून भात खायचो. पुढच्या वसंतात तू राजीनामा देऊन गावी चहाच्या मळ्यावर गेलास. त्याच वसंतात मी देशाच्या संघात गेलो. अकरा सामने, चार गोल. पेपरवाले मला 'निडर' म्हणायचे. चारही गोल पायाने मारलेले होते, कुणाच्या लक्षात आलं नाही. तुझ्या आलं असेल.

गेल्या महिन्यात कंपनीला गोदामात त्या फायनलची फिल्म सापडली. शरदात वर्धापनदिनाला दाखवणार आहेत, म्हणून मला आधी बघायला बोलावलं. मी घामाने भिजून बसलो होतो. पडद्यावर तू बगलेवरून पळतोस, आणि एकदम दोन्ही संघ वाकून नमस्कार करताना दिसतात. नेमकं तेव्हाच चित्रण करणाऱ्याने रीळ बदललं होतं. तो पास फिल्ममध्ये नाहीच. आणि माझ्या तोंडून मोठ्याने "हुश्श" निघालं. शेजारी बसलेल्या कंपनीतल्या मुलीने विचारलं, "काय झालं, सर?" मी म्हटलं, "काही नाही, गुडघा." तामोत्सु, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मला हायसं वाटलं! त्या वेळचा मी निदान घाबरलेला होतो म्हणता येईल. या हुश्शला काय म्हणू? घरी येऊन तुझं पाकीट पाहिलं आणि लाजेने मला ते उघडवेना.

म्हणून हे पत्र. कंपनीलाही लिहून दिलंय, फिल्मच्या आधी मी उभा राहून सगळं सांगणार आहे. आज सकाळी न्हाव्याकडे गेलो. "आजोबा, भादरायला आहे काय शिल्लक?" म्हणून तो हसला, पण केलं त्याने. रविवारी दुपारच्या गाडीने तुझ्याकडे येतो. दारातून परत पाठवावंसं वाटलं तर पाठव, तुझा हक्क आहे. पण तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे एक्केचाळीस वर्षं राहिलंय, तेवढं घे. नाही रे. डोळ्याला काहीही लागलं नव्हतं.

तुझाच, पण थोरला म्हणवून घ्यायला लाजणारा,
किहाची